मालक आला की मशीन मोकळं

नागपूरच्या एका विद्यापीठात वेगवेगळ्या विभागांची संशोधनाची मशीनं एका रांगेत कशी आली, कुठे अडली आणि काय अजून सुटलेलं नाही, त्याचं हे प्रकरण. विद्यापीठ, विभाग आणि माणसं शिकवण्याच्या सोयीसाठी रचलेली आहेत. सॉफ्टवेअर, सरकारी नियम आणि नागपूरचा मे महिना मात्र जसेच्या तसे आहेत.

पाचवं कशाला?

सुरुवात खरेदीच्या नस्तीवरच्या एका शेऱ्याने झाली. प्राणिशास्त्र विभागाकडे पेंच आणि ताडोबाच्या पट्ट्यातल्या जंगलातून कॅमेरा ट्रॅपचे लाखो फोटो जमले होते. वाघ दिसतो तो एखाद्यात. बाकी गवत हललं, ऊन सरकलं, गुरं गेली, की कॅमेरा आपला फोटो काढून मोकळा. दोन विद्यार्थिनी हे फोटो महिनोन्महिने एकेक करून बघत होत्या. मेगाडिटेक्टरसारखं तयार मॉडेल फोटोत प्राणी, माणूस की वाहन एवढं ओळखतं आणि रिकामे फोटो बाजूला काढतं, पण ते झपाट्याने चालायला जीपीयू, म्हणजे हजारो छोटी गणितं एकदम करणारं कार्ड, लागतं. लॅपटॉपवर तेच काम रखडतं. गूगल कोलॅबवर फुकट जीपीयू मिळतं खरं, पण तिथलं सत्र फार तर १२ तास चालतं, पुष्कळदा त्याआधीच तुटतं, आणि लाखो फोटो वर चढवायचे म्हणजे विभागाचं नेट आधी दमतं. प्राणिशास्त्राच्या मॅडमनी जीपीयू सर्व्हरच्या खरेदीचा प्रस्ताव टाकला. वित्त व लेखाधिकाऱ्यांनी त्यावर शेरा मारला: "चार विभागांकडे अशी यंत्रे उपलब्ध असल्याचे दिसते. पाचव्याची आवश्यकता स्पष्ट करावी."

शेरा खवचट होता, पण रास्त होता. भौतिकशास्त्राकडे केंद्राच्या प्रकल्पातून आलेला ६४ कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे गणित करणारा भाग) सर्व्हर होता. त्यावर क्वांटम एस्प्रेसो वापरून पदार्थांच्या इलेक्ट्रॉन रचनेची गणितं चालत. जैवतंत्रज्ञानाकडे ५१२ जीबी रॅमचं मशीन होतं, संत्र्यावरच्या रोगजंतूंचे जीनोम, म्हणजे त्यांचा सगळा डीएनए, तुकड्यातुकड्यांतून जोडायला घेतलेलं. संगणकशास्त्राकडे चार जीपीयू कार्डांचा सर्व्हर होता. रसायनशास्त्राकडे एक जुनं पण दणकट वर्कस्टेशन होतं, त्यावरच्या व्यावसायिक सॉफ्टवेअरचं लायसन्स त्या एका मशीनपुरतंच. चार खोल्या, चार एसी, चार यूपीएस, आणि एका खोलीची चावी दुसऱ्या विभागात नाही.

प्र-कुलगुरूंच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पहिल्या बैठकीत चारही विभागांनी एकच उत्तर दिलं: आमचं मशीन फुल्ल आहे.

फुल्ल म्हणजे काय

संगणक केंद्राच्या सिस्टिम मॅनेजरांनी वाद घातला नाही. दर पाच मिनिटांनी प्रोसेसर, रॅम आणि जीपीयूचा वापर टिपणारी एक छोटी स्क्रिप्ट चारही मशीनवर महिनाभर चालू द्या, एवढंच त्यांनी मागितलं. नावं नकोत, फक्त आकडे. याला कोणाला नाही म्हणता आलं नाही.

महिन्याभराने जे दिसलं त्यात लबाडी कोणाचीच नव्हती. भौतिकशास्त्राचा सर्व्हर खरोखर भरलेला होता, पण लाटांनी. परिषदेची तारीख जवळ आली की रांग लागायची आणि ती उलटली की दोन-तीन आठवडे शुकशुकाट. जैवतंत्रज्ञानाचं मशीन जोडणी सुरू असली की रॅम काठोकाठ भरायचं. पण अशी जोडणी वर्षातून मोजक्या वेळा. एरवी त्यावर कोणीतरी एक्सेलची मोठी फाइल उघडून ठेवलेली असायची.

खरी गंमत संगणकशास्त्राच्या जीपीयूत होती. कार्डांचा वापर दाखवणाऱ्या एनव्हिडिया-एसएमआयचा रात्री ११ वाजताचा पडदा समितीपुढे ठेवला गेला. तिसऱ्या कार्डाच्या ओळीत मेमरी ४० पैकी ३८ जीबी भरलेली, आणि त्याच ओळीत उजवीकडे वापर ० टक्के. पाच मिनिटांनी तेच, दुसऱ्या दिवशी तेच, सलग चार दिवस तेच. जुपिटर नोटबुक म्हणजे ब्राउझरमध्ये कोड लिहायची वही. तिच्यात मॉडेल एकदा कार्डावर चढवलं की सर्व्हरवर कोड चालवणारा मागचा कर्नल बंद करेपर्यंत ते मेमरी धरून बसतं. ब्राउझरचा टॅब मिटला, लॅपटॉप बंद केला, तरी सर्व्हरवर कर्नल जिवंतच. हा विद्यार्थी पोळ्याला गावी गेला होता. त्याच्या लेखी काम थांबलं होतं. कार्डाच्या लेखी ते दुसऱ्या कोणाला देता येत नव्हतं. संगणक केंद्रातल्या कंत्राटी टेक्निशियनने तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या मारबत मिरवणुकीतल्या आरोळीच्या चालीवर, फलकावर खडूने लिहून ठेवलं: "काम नसता कार्ड अडवणारी नोटबुकं घेऊन जा गे मारबत!" ते बरेच दिवस कोणी पुसलं नाही.

तेव्हा 'फुल्ल'चे तीन अर्थ निघाले: कामाने भरलेलं, कोणीतरी अडवलेलं, आणि गरज पडेल म्हणून राखून ठेवलेलं. पहिल्यासाठी नवं मशीन लागतं. उरलेल्या दोघांसाठी लागते ती रांग आणि भरवसा. माझ्या मते कुठल्याही विद्यापीठात खरेदीच्या नस्तीला ही महिन्याभराची नोंद जोडणं सक्तीचं हवं. तिला खर्च जवळजवळ शून्य येतो.

लवकर मिटलेले पर्याय

पर्याय बरेच आले. पहिला, रात्री रिकाम्या पडणाऱ्या संगणक प्रयोगशाळा वापरण्याचा. कल्पना जुनी आणि चांगली आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात १९८०च्या दशकात कॉन्डर नावाची प्रणाली नेमकी यासाठीच तयार झाली आणि एचटीकॉन्डर या नावाने ती आजही चालते. माणूस की-बोर्डवर आला की पाहुण्याचं काम बाजूला होतं, माणूस उठला की परत सुरू. इथे एका प्रयोगशाळेत ६० पीसी होते, चार-चार कोअरचे. कागदावर २४० कोअर. प्रयोगाची पहिली रात्र ठरली. रात्री आठला बघितलं तर एकही पीसी नेटवर्कवर नाही. साडेपाचला परिचरांनी खोलीचं मेन स्विच पाडलं होतं. वीजबचतीच्या परिपत्रकाबरहुकूम ते रोजच पाडत. "मले तर बंद कराचंच सांगितलं आहे जी," ते म्हणाले, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. नेटवर्कवरून पीसी जागा करण्याची सोय असते, पण तिलाही भिंतीतली वीज लागते.

परिपत्रक बदलता आलं असतं. मग सिस्टिम मॅनेजरांनी हिशेब मांडला. एक पीसी जोरात चालला तर साधारण १०० वॉट धरा. साठांचे ६ किलोवॉट, १२ तासांचे ७२ युनिट, दर रात्री. मिळणार काय? प्रत्येकी ८ जीबी रॅमचे सुटे पीसी. साठ पीसींची रॅम एकत्र करून जीनोम जोडता येत नाही, आणि साध्या इथरनेटवर एकच मोठं गणित साठांत वाटलं तर अर्धा वेळ एकमेकांची वाट बघण्यातच जातो. सुट्या-सुट्या हजार कामांना हा मार्ग उत्तम. पण तशी कामं असलेला विभाग एकच होता, प्राणिशास्त्र, आणि त्यांना जीपीयू हवं होतं.

क्लाउडचा पर्याय लेखा विभागाने पाच मिनिटांत मिटवला. महिनाअखेरीस बिल किती येईल ते आधी माहीत नाही, आणि उपयोगिता प्रमाणपत्रात ते कुठल्या शीर्षाखाली दाखवायचं यावर एकमत नाही.

राष्ट्रीय महासंगणन अभियानाचा मुद्दा मात्र गंभीरपणे आला. २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांच्या तरतुदीने मंजूर झालेल्या या अभियानातून सी-डॅक आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने देशभर परम मालिकेतली मशीनं उभी केली. २०१९ मध्ये वाराणसीच्या आयआयटीत परम शिवाय आलं, पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म आलं. बाहेरच्या संशोधकांनाही अर्ज करून अशा ठिकाणी वेळ मिळू शकतो. एकाच गणिताला शेकडो कोअर लागत असतील तर जायचं तिकडेच, यावर समितीत दुमत नव्हतं. पण एम.एस्सी.ची मुलगी आज संध्याकाळी २० मिनिटं काहीतरी करून बघणार असेल तर ती अर्ज कुठे करणार? तिच्यासाठी हाताशीच काहीतरी हवं.

एका सदस्यांनी शहरभराची कल्पना मांडली. व्हीएनआयटी, नीरी, कापूस संशोधन संस्था, मृदा सर्वेक्षणाचं कार्यालय, सगळं नागपुरातच आहे, मग एकत्र का नाही? कल्पना वाईट नाही. पण ज्यांना एका आवारातल्या चार खोल्यांच्या चाव्या एकत्र करता आलेल्या नाहीत त्यांनी पाच संस्थांचे करार करायला निघणं म्हणजे काम टाळण्याची मोठी सोय. अध्यक्षांनी ते 'पुढील टप्पा' म्हणून नोंदवलं. इतिवृत्तात पुढचा टप्पा म्हणजे काय ते वाचकांना ठाऊक आहेच.

भौतिकशास्त्राचे सर

उरला तो आहे ती मशीनं एका रांगेत आणण्याचा मार्ग. रसायनशास्त्राचं वर्कस्टेशन लायसन्समुळे सुरुवातीलाच बाजूला पडलं. तीन मशीनं संगणक केंद्राच्या एका खोलीत आणायची, त्यांवर स्लर्म हे रांग सांभाळणारं मोफत सॉफ्टवेअर बसवायचं आणि सगळ्यांना सारखा हक्क द्यायचा, असा पहिला मसुदा झाला.

भौतिकशास्त्राच्या सरांनी तो वाचला आणि सही केली नाही. त्यांना आडमुठे म्हणणारे समितीत होते. मला मात्र त्या बैठकीत सगळ्यात नेमकं बोललेले तेच वाटतात. त्यांचे मुद्दे तीन होते. मशीन प्रकल्पाच्या पैशातून घेतलं आहे, उद्या ऑडिट आलं आणि ते माझ्या खोलीत नसलं तर मी काय दाखवू? दुसरं, ते मिळवायला मी दोन वर्षं प्रस्ताव लिहिले. ज्याने लिहिले नाहीत त्यालाही सारखाच हक्क मिळणार असेल तर पुढच्या वेळी लिहील कोण? आणि तिसरं: "मॅडमचं काम महत्त्वाचं आहे, मान्य. पण माझा विद्यार्थी शेवटच्या आठवड्यात रांगेत चाळिसावा असला तर त्याचा पेपर कोण लिहून देणार?"

पहिला मुद्दा लेखाधिकाऱ्यांनीच सोडवला, आणि ज्यांच्या शेऱ्यातून हे सगळं सुरू झालं त्यांनीच तो सोडवावा हेही बरंच झालं. सामान्य वित्तीय नियम २०१७ प्रमाणे अनुदानातून घेतलेली मालमत्ता मंजुरी देणाऱ्याच्या परवानगीशिवाय निकाली काढता येत नाही. वाटून वापरणं म्हणजे निकाली काढणं नव्हे. उलट विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २०२२ मध्ये 'श्रीमान' या नावाने जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती संशोधनाच्या यंत्रणा इतरांना खुल्या करा असंच सांगतात. जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेलं आय-स्टेम पोर्टलही त्याचसाठी आहे. तेव्हा मशीन भौतिकशास्त्राच्याच डेडस्टॉक रजिस्टरमध्ये राहील, फक्त 'ठिकाण' या रकान्यात संगणक केंद्राचा खोली क्रमांक येईल आणि ताबापावतीवर दोन्ही विभागप्रमुखांच्या सह्या असतील. मालकी हलली नाही, ताबा हलला. ही पावती अर्ध्या पानाची होती. तिच्याशिवाय पुढची दहा पानं निरुपयोगी ठरली असती.

उरलेल्या दोन मुद्द्यांसाठी मसुदा उलटा केला. सारखा हक्क काढून टाकला आणि रांगा दोन केल्या, नावंही सरळ ठेवली: मालक आणि पाहुणा. मशीन रिकामं असेल तर पाहुण्याचं काम चालेल. मालकाचं काम आलं की पाहुण्याचं थांबेल, परत रांगेत जाईल आणि जागा झाली की पुन्हा सुरू होईल. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत हीच पद्धत आहे. संशोधक आपली मशीनं सामाईक क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या मशीनच्या समूहात, घालतात, त्यांवर पहिला हक्क त्यांचा, मोकळा वेळ सगळ्यांचा.

पंधरा मिनिटं

मालक आल्यावर पाहुण्याने किती वेळात जागा सोडायची? सर म्हणाले, तत्काळ. मॅडमची हरकत होती, पण त्यांचं स्वतःचं काम तसं सोयीचं. प्रत्येक फोटो सुटा असतो, हजार-हजार फोटोंचे तुकडे केले तर एक तुकडा वाया गेला तरी फार बिघडत नाही. खरी अडचण दुसऱ्याच दिशेने आली.

चाचणीच्या काळात सरांच्याच विद्यार्थ्याने जैवतंत्रज्ञानाच्या रिकाम्या मशीनवर पाहुणा म्हणून एक लांबलचक गणित लावलं. मध्यरात्री जैवतंत्रज्ञानाची जोडणी सुरू झाली आणि त्याचं काम 'तत्काळ' कापलं गेलं. क्वांटम एस्प्रेसोचं असं आहे की ते नीट थांबलं तर पुढे सुरू करता येतं, मध्येच मारलं तर बहुधा पहिल्यापासून. नीट थांबवायची सोपी युक्ती आहे. कामाच्या फोल्डरमध्ये ठरलेल्या नावाची, शेवटी 'एक्झिट' असलेली रिकामी फाइल टाकली की चालू आवर्तन पुरं करून प्रोग्रॅम सगळं डिस्कवर लिहितो आणि बाहेर पडतो. त्याला फक्त थोडा वेळ लागतो. तत्काळमध्ये तो नव्हता.

पुढच्या बैठकीत सर स्वतः म्हणाले, पंधरा मिनिटं द्या. एकाच आठवड्यात ते मालकही होते आणि पाहुणेही, त्यामुळे नियमाची दोन्ही टोकं त्यांच्याच हातात आली. पंधरा मिनिटं मग सगळ्यांसाठी ठरली. आधी इशाऱ्याचा सिग्नल जाईल. पाहुण्याची स्क्रिप्ट तो पकडून एक्झिटची फाइल टाकेल, किंवा मॉडेलचं चेकपॉइंट, म्हणजे तोवरच्या कामाची प्रत, लिहील, आणि मुदत संपली की मगच काम मारलं जाईल. जोडणी करणाऱ्या स्पेड्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये अर्धवट काम पुढे चालवायची सोय असतेच. ज्याच्या प्रोग्रॅममध्ये ती नाही त्याने पाहुण्याच्या रांगेत छोटीच कामं लावावीत, असं लिहून ठेवलं.

पहिल्या पाच-सहा महिन्यांत मालकाने पाहुण्याला उठवण्याचे प्रसंग अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी आले. हक्क पक्का आहे हे कळल्यावर सरांच्या मुलांनी उगाच जागा धरून ठेवणं सोडलं. राखीव फुल्ल आपोआप ओसरलं.

सगळ्यांना एकदमच हवं असतं

मालक-पाहुणा ठरलं तरी पाहुण्यापाहुण्यांत भांडण राहतंच. प्राणिशास्त्राने पहिले दोन आठवडे रिकामी कार्डं मनसोक्त वापरली. तिसऱ्या आठवड्यात संख्याशास्त्राचा विद्यार्थी आला तर पुढे मॅडमचे शेकडो तुकडे. इथे स्लर्मचा फेअरशेअर कामी आला. तो नुकताच कोणी किती वापरलं ते बघतो आणि जास्त वापरणाऱ्याला मागे ढकलतो. पण जुनं हळूहळू विसरतो. अर्धायुकाल सात दिवसांचा ठेवला तर आठवड्यापूर्वीचा वापर निम्मा मोजला जातो, दोन आठवड्यांपूर्वीचा पाव. त्यामुळे संख्याशास्त्राचं पहिलं काम पुढे आलं आणि मॅडमना काही कायमची शिक्षा झाली नाही.

दुसरी डोकेदुखी वेळेच्या अंदाजाची होती. काम किती तास चालेल ते रांगेला आधी सांगावं लागतं. मोठ्या कामाला पुरेशी जागा जमेपर्यंत मधल्या फटीत छोटी कामं बसवायची तर त्या फटीत ती संपतील याची खात्री रांगेला हवी. सगळ्यांनी सुरक्षित म्हणून कमाल मर्यादाच लिहिली, सात दिवस. अर्ध्या तासाचं काम, सात दिवस. फट समोर दिसायची आणि बसत काहीच नव्हतं. उपदेशाने हे सुटलं नाही. कमी वेळ लिहिणाऱ्यांसाठी दोन तासांची वेगळी झटपट रांग काढली आणि एक कार्ड दिवसा तिलाच दिलं, तेव्हा अंदाज आपोआप सुधारले.

आणि तरीही काही आठवडे असे येतात की कोणतंच गणित पुरत नाही. सावडीत शेतकरी एकमेकांचे बैल वापरतात, पण मृग बरसला की सगळ्यांनाच एकदम पेरायचं असतं. इथे प्रबंध सादर करायच्या तारखा, प्रकल्पांचे मार्चअखेरचे अहवाल आणि एम.एस्सी.चे प्रकल्प एकाच सुमाराला येतात. सामाईक रांगेने सरासरी सुधारते, शिखर कापलं जात नाही. समितीच्या अहवालात हे स्पष्ट लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं, कारण मार्चमध्ये 'योजना फसली' अशी ओरड झाली ती यावरूनच.

मे महिना

तिन्ही मशीनं एका खोलीत आली म्हणजे त्यांची उष्णताही एका खोलीत आली. मशीन जेवढी वीज खातं तेवढीच उष्णता बाहेर टाकतं, त्यात सूट नाही. चार कार्डांचा सर्व्हर पूर्ण भारावर साधारण २ किलोवॉट, बाकी दोन मशीनं, स्विच, यूपीएस मिळून आणखी अडीच. एकूण साडेचार. खोलीत दीड टनाचे दोन एसी, एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट, तेव्हा एका एसीची क्षमता सव्वापाचच्या आसपास. एक चालू, एक राखीव. कागदावर बिनघोर.

पण एसीची ही क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. नागपुरात मेमध्ये पारा ४५च्या वर जातो, बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात तापतं आणि तीच भिंत खोलीतही उष्णता सोडते. नवतपा लागायच्या आधीच दोन्ही एसी अखंड चालवावे लागले आणि राखीव असं काही उरलं नाही. त्यातला एक दुपारी बंद पडला तेव्हा मदतीच्या भावनेने कोणीतरी शेजारच्या कार्यालयातला वाळ्याचा कूलर उचलून खोलीत आणला. घराघरांत तोच तर लागतो. पण कूलर दमट हवा फेकतो, बंद खोलीत ती साचते, आणि पाण्यातले क्षार तुषारांबरोबर कार्डांच्या पंख्यांवर जाऊन बसतात. टेक्निशियनने आल्या पावली त्याची पिन काढली. "काहून आणला बापा हा इथं, मशीनले सर्दी व्हाची आहे का?"

वीज जाते तेव्हा आणखी एक गोष्ट उघडी पडते. यूपीएसवर मशीनं चालतात, एसी चालत नाही. आवारातलं जनरेटर परीक्षा विभागासाठी राखलेलं. म्हणजे बॅटरीत अर्धा तास शिल्लक असला तरी बंद खोली त्याआधीच तापते. यूपीएसचा अर्धा तास हा काम चालू ठेवायला नसून नीट बंद करायला आहे, हे ध्यानात घेऊन स्क्रिप्ट बदलली. वीज गेल्यावर तीन मिनिटांत पाहुण्यांना इशारा, दहा मिनिटांत मालकांना.

उन्हाळ्याचे नियमही वेगळे झाले. मे आणि जूनच्या सुरुवातीला दुपारी १२ ते ६ पाहुण्याच्या रांगेतून नवं काम सुरू होत नाही, ते रात्री सुटतं. कार्डांची वीजमर्यादा ३०० वॉटवरून २२० वर आणली. वेग कमी झाला, पण वीज जेवढी कमी झाली त्या मानाने थोडाच. मला या प्रकरणातला हा सगळ्यात उपयोगी धडा वाटतो. कोअर किती, कार्डं किती यावर बैठकांमागून बैठका झाल्या आणि वर्षातले दोन महिने खरी टंचाई होती ती थंडाव्याची. विदर्भात सामाईक मशीनची योजना आखणाऱ्याने आधी भिंतीची दिशा बघावी.

फोल्डरची नावं

हे थोडक्यात, पण सांगायला हवं. सामाईक डिस्कवर सुरुवातीला सगळ्यांचे फोल्डर सगळ्यांना वाचता येत होते. मॅडमच्या फोल्डरांची नावं वनपरिक्षेत्र आणि बीटच्या नावांनी होती, फोटोंसोबत अक्षांश-रेखांश होते. वाघीण कुठल्या पाणवठ्यावर कधी येते, ते इंजिनिअरिंगच्या कुठल्याही मुलाला दिसू शकत होतं. हे बाहेर जाणं म्हणजे शिकाऱ्यांना आमंत्रण. कोणी गैरफायदा घेतल्याचं दिसलं नाही, पण त्याच दिवशी फोल्डर फक्त त्या-त्या गटापुरते केले. फोटोंमधली ठिकाणाची माहिती विभागातच काढून मग फोटो वर टाकायचे आणि कॅमेऱ्यांना नुसते क्रमांक द्यायचे, असं ठरलं. क्रमांक कुठल्या जागेचा, ती वही मॅडमच्या कपाटात राहते.

दर आणि आदेश

लेखाधिकाऱ्यांना ताशी दर ठरवायचे होते, प्रति कोअर, प्रति कार्ड. सिस्टिम मॅनेजर विरोधात होते आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. ज्यांच्याकडे प्रकल्प आहे तेच पैसे देऊ शकतात, आणि पाहुण्याच्या रांगेची गरज मुळात ज्यांच्याकडे प्रकल्प नाही त्यांनाच. शिवाय विद्यापीठातल्या विद्यापीठात पैसे एका शीर्षातून दुसऱ्यात वळवायला जो कागद लागतो त्याचा खर्च दरापेक्षा जास्त. शेवटी असं ठरलं की आतल्यांना दर नाही. पण नव्या प्रकल्पाच्या प्रस्तावात प्रत्येकाने संगणक केंद्रासाठी काहीतरी मागायचं: डिस्क, यूपीएसच्या बॅटऱ्या, एसीची दुरुस्ती. वार्षिक देखभाल करार मात्र अजून ज्याचा त्यानेच करायचा आहे. भौतिकशास्त्राच्या मशीनची वॉरंटी संपत आली आहे आणि त्यांचा प्रकल्पही. पाहुणे वापरतात त्या मशीनची बिघडलेली पॉवर सप्लाय कोणी घ्यायची, यावर समितीत दोन मतं आहेत.

हे सगळं चालवतो तो टेक्निशियन ११ महिन्यांच्या कंत्राटावर आहे. स्लर्मच्या फाइलीत कोणती ओळ का बदलली, कुठल्या विद्यार्थ्याचा जॉब रात्री का अडतो, दोन एसींपैकी कोणता आवाज करायला लागला की फोन करायचा, हे त्याला माहीत आहे. सिस्टिम मॅनेजरांनी त्याच्याकडून प्रत्येक बदलाची टिपणवही लिहून घ्यायला सुरुवात केली, तीही आता बरीच भरली आहे. पण पदनिर्मितीच्या प्रस्तावाला आस्थापना विभागाने 'कार्यभाराचे समर्थन जोडावे' म्हणून परत पाठवलं. समर्थन म्हणून आता तोच महिन्याभराच्या नोंदीचा आलेख जोडला आहे, आधीचा आणि नंतरचा शेजारी शेजारी.

दरम्यान भूगर्भशास्त्राच्या विभागप्रमुखांना भूजलाच्या प्रतिमानांसाठी नवा प्रकल्प मिळाला. मशीन स्वतःच्या खोलीत ठेवायचं की रांगेत घालायचं, हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही. त्यांनी संगणक केंद्राला पत्र पाठवून तीन गोष्टी लेखी मागितल्या आहेत. पंधरा मिनिटांचा नियम त्यांच्याही मशीनला लागू राहील. मेमध्ये दुपारीही मालकाची रांग बंद होणार नाही. टेक्निशियनच्या नेमणुकीचा आदेश किमान त्यांच्या प्रकल्पाच्या मुदतीइतका असेल. पहिल्या दोन्हींना सिस्टिम मॅनेजरांनी त्याच दिवशी होकार कळवला. तिसऱ्यासाठी पत्र कुलसचिवांकडे गेलं आहे.